हाड कधी मोडलं? सांगाड्यावरच्या इजा वाचायला शिकणाऱ्यांसाठी

उन्हाळ्यात नाशिकच्या गंगापूर धरणाचं पाणी मागे हटतं, ऊसतोड झाली की निफाडकडची शेतं उघडी पडतात, विहिरींतला गाळ काढायला घेतात. आमच्याकडे हाडं येतात ती बहुतेक या दिवसांत. हवालदार गोणी घेऊन दारात उभा असतो, सोबत पंचनाम्याची प्रत आणि प्रश्नांचं पत्र. हाडं माणसाची आहेत का, पुरुषाची की स्त्रीची, वय काय, मृत्यूला किती काळ लोटला. यादीच्या शेवटी हमखास असतो तो प्रश्न असा: हाडांवर इजा आहेत काय, आणि असल्यास त्या मृत्यूच्या आधीच्या की नंतरच्या?

हा लेख त्या शेवटच्या प्रश्नाबद्दल आहे. नव्याने रुजू झालेले वैद्यकीय अधिकारी, न्यायवैद्यकशास्त्राचे निवासी डॉक्टर आणि शारीरिक मानवशास्त्र शिकणारी मुलं यांच्यासाठी तो लिहितोय. या प्रश्नाच्या दोन ओळींच्या उत्तरावर खुनाचा गुन्हा दाखल होतो किंवा अकस्मात मृत्यूची फाइल बंद होते. कुणाच्या तरी घरचे लोक तोवर वाट बघत बसलेले असतात. हाडात दिसतं तेवढंच लिहायचं, आणि ते दिसेपर्यंत हाडाला वेळ द्यायचा, ही सवय पहिल्या गोणीपासून लावून घ्या.

काडी ओली की वाळलेली

पुस्तकात तीन कप्पे असतात: अँटीमॉर्टेम, पेरीमॉर्टेम, पोस्टमॉर्टेम. मराठीत मृत्युपूर्व, मृत्यूच्या आसपासची, मरणोत्तर. यातला मधला कप्पा सगळ्यांना फसवतो. शवविच्छेदन शिकलेला डॉक्टर पेरीमॉर्टेम म्हटलं की घड्याळाकडे बघतो. मृत्यूच्या अलीकडची-पलीकडची काही मिनिटं, फार तर काही तास. हाडांच्या अभ्यासात या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. तिथे पेरीमॉर्टेम म्हणजे हाड ओलं असताना झालेली आणि भरून यायला सुरुवात न झालेली इजा.

हाड म्हणजे खनिज आणि कोलेजन यांचं मिश्रण. खनिजामुळे ते टणक होतं; कोलेजन आणि ओलावा यांमुळे ते थोडं वाकतं, ताण सोसतं. मृत्यूनंतर ओलावा हळूहळू उडतो, कोलेजन कुजतं, आणि हाड ठिसूळ होतं. किती हळूहळू, हे समजायला आपल्याकडे द्राक्षबागेइतकं चांगलं उदाहरण नाही. ऑक्टोबरची छाटणी झाली की बांधावर काड्यांचे ढीग पडतात. त्या दिवशीची काडी वाकवून बघा. वाकते, साल सोलत जाते, मग तिरकी चिरफाळून तुटते. तीच काडी जानेवारीत उचला, कट्‌कन आडवी मोडते. आता काडी वेलीवरून कापली त्या क्षणीच वाळली का? नाही. ढिगाखालची काडी कितीतरी आठवडे ओली राहते, वरची उन्हात लवकर वाळते. हाडाचंही तसंच. सावलीत, ओल्या मातीत, पाण्यात ते बराच काळ ओलं राहतं. उघड्या माळावर चैत्राच्या उन्हात लवकर सुकतं. डुकरांच्या हाडांवर केलेल्या प्रयोगांत मृत्यूनंतर काही महिन्यांनी मोडलेल्या हाडांतही ओल्या फ्रॅक्चरची लक्षणं मिळालेली आहेत.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. मृत्यूनंतर तीन आठवड्यांनी दरड कोसळून मोडलेलं हाड आणि मृत्यूला कारण ठरलेल्या पहारीच्या घावाने मोडलेलं हाड, दोन्ही पेरीमॉर्टेमच दिसतील. हाडाला मृत्यूची वेळ ठाऊक नसते, स्वतःची ओल ठाऊक असते.

पुणे जिल्ह्यातल्या इनामगावचं उदाहरण मी मुलांना नेहमी देतो. आपल्या शेजारच्या संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून नाव पडलेल्या जोर्वे संस्कृतीची ही वस्ती, साधारण तीन हजार वर्षांपूर्वीची. तिथल्या प्रौढांच्या दफनांत घोट्याखालची पावलं तोडलेली आढळली. आजच्या भाषेत हा कप्पा मधला. पण घराच्या आवारात काळजीपूर्वक पुरलेल्या, भांडी सोबत ठेवलेल्या माणसांकडे बघून अभ्यासकांनी याला दफनविधीचा भाग मानलं. ओल्या हाडावरच्या खुणेतून हेतू कळत नाही. तो आजूबाजूच्या पुराव्यातून येतो.

गोणी उघडण्याआधी

आधी पंचनामा वाचा. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होतो. जुन्या कागदांवर फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ दिसेल. कलमापेक्षा महत्त्वाचं म्हणजे हाडं निघाली कशी. जेसीबीच्या बकेटमध्ये आली, टिकावाने खणताना लागली, की रोटाव्हेटर फिरवताना वर आली? गोणीत कोणी भरली, आपटली का, मोटारसायकलवरून आणली का? पंचनाम्यात नसेल तर हवालदारांना विचारा. राग न येऊ देता, चहा देऊन विचारा, माणूस सांगतो. त्यांनी सांगितलेलं तारखेसह लिहून ठेवा.

जागेवर जाता आलं तर जाच. सोबत दोन चाळण्या न्या, एक वाळूची आणि एक बारीक. कंठातलं हायॉइड नावाचं छोटं हाड, बोटांची हाडं, दात, तुटलेल्या कडांचे बारीक तुकडे, छर्रे हे सगळं चाळणीतच सापडतं. कोणतं हाड कोणत्या बाजूवर पडलं होतं ते बघा. वरची बाजू उन्हाने पांढरी पडते, चिरा जातात. खालची मातीचा रंग घेते.

मग पुढचा क्रम मोडू नका. फोटो, मोजपट्टीसह, धुण्याआधी. एक्स-रे, तोही धुण्याआधी, जमल्यास मातीसकट, कारण धातूचा कण मातीबरोबर वाहून जातो. डीएनएसाठी दाढ आणि मांडीच्या हाडाचा तुकडा, सफाईआधी बाजूला. फॉर्मलिनमध्ये टाकायचा नाही, ओला असताना प्लास्टिकमध्ये बांधायचा नाही. प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा नाशिकमध्येच आहे, काय आणि कसं पाठवायचं ते आधी विचारून घ्या. शेवटी सफाई: कोमट पाणी, मऊ ब्रश, बांबूची काडी. तारेचा ब्रश नको, ब्लीच नको, सुरीने खरवडणं तर अजिबात नको. सुरीने तुम्ही केलेली खूण पुढच्या तज्ज्ञाला कोयत्याची वाटू शकते. तुटलेली टोकं एकमेकांवर घासून जुळवून बघायचा मोह प्रत्येकाला होतो. कड एकदा झिजली की गेली, तेव्हा जुळवायची असेल तर वाळूच्या तबकात दोन्ही तुकडे उभे करून नजरेने जुळवा.

हे इतकं बजावून सांगतो त्याला कारण आहे. उमेदवारीच्या काळात एका सांगाड्याची हाडं मी उत्साहाने आधी धुऊन काढली. कवटीच्या तड्यांत माती घट्ट बसली होती की वरवर चिकटली होती, हे नंतर तपास अधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. तडा जुना असता तर माती आतपर्यंत आणि दाबून बसलेली मिळाली असती. तो पुरावा मोरीतून वाहून गेला होता. त्या माणसाबद्दल मला नेमकं काही लिहिता आलं नाही, याची टोचणी अजून आहे.

एक नडगी, दोन फ्रॅक्चर

आता एक हाड जवळून बघू. गोदाकाठच्या एका शेतात बांध सपाट करताना निघालेल्या सांगाड्याची डावी नडगी. दोन ठिकाणी मोडलेली, म्हणजे तीन तुकडे, आणि वरच्या फ्रॅक्चरमधला एक तुकडा गायब.

खालचं फ्रॅक्चर आधी घ्या, ते सोपं आहे. बाकी हाड काळ्या मातीने चहासारखं तपकिरी झालेलं, आणि तुटलेली कड मात्र पांढुरकी, खडूसारखी. नखाने स्पर्श केला तर पूड लागते. रेषा आडवी, हाडाच्या लांबीला काटकोनात. कडेचा पृष्ठभाग दाणेदार, पायरीपायरीचा. हे वाळलेलं हाड आहे, आणि माती लागून रंग चढल्यानंतर मोडलेलं. म्हणजे जेसीबी, किंवा त्यानंतरची हाताळणी.

वरचं फ्रॅक्चर बघा. इथे कड हाडाच्या बाकीच्या पृष्ठभागाइतकीच तपकिरी. बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं. कड बाहेरच्या पृष्ठभागाशी काटकोन करत नाही, तिरकी उतरते, एका बाजूला पातळ पात्यासारखी. रेषा वळत जाते आणि दोन उतारांमध्ये एक त्रिकोणी जागा रिकामी राहते. आतल्या पोकळीत माती ठासून बसलेली. भिंगातून कडेवर कुठेही बारीक छिद्रं नाहीत, नवीन हाडाचा थर नाही. हे ओल्या हाडाचं फ्रॅक्चर, भरून येण्याच्या खुणेशिवाय, माती लागण्याआधीचं.

एकाच हाडावर दोन वेगळ्या वेळा अशा शेजारी शेजारी मिळाल्या की शिकणाऱ्याचं नशीब समजा. रंग, पोत, कोन, रेषा. या चार गोष्टी दर वेळी त्याच क्रमाने बघा आणि चारही वेगवेगळ्या लिहा. कधी तीन एकीकडे आणि एक दुसरीकडे जाईल. हाड अर्धवट सुकलेलं असताना मोडलं तर तसंच होणार. तेव्हा ओढूनताणून कप्प्यात बसवू नका, 'संमिश्र लक्षणं' असं लिहा. रंगावर एकट्यावर तर कधीच विसंबू नका, कारण मरणोत्तर तुटलेलं हाड पुन्हा दोन पावसाळे मातीत राहिलं की कडही तपकिरी होते.

याखेरीज ओल्या हाडाच्या आणखी दोन खुणा आहेत. एक, बिजागरी: तुकडा पूर्ण सुटत नाही, वाकून एका बाजूने चिकटून राहतो, बरगड्यांत आणि कवटीत हे छान दिसतं. दुसरी, पसरट आणि सावकाश दाबाने मोडलेलं हाड तुटण्याआधी वाकतं आणि तसंच वाकलेलं राहतं, मग तुकडे जोडायला गेलं तर फट राहते. मात्र आपल्या काळ्या मातीत ही दुसरी खूण जपून वापरा. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वर्षानुवर्षं तो दाब कवटीवर पडला की कवटी हलकेच वाकडी होते.

भरून येण्याच्या खुणा

मृत्युपूर्व इजेचा एकच भरवशाचा पुरावा, तो म्हणजे हाडाने दुरुस्ती सुरू केलेली दिसणं. मेलेलं हाड दुरुस्ती करत नाही.

पहिला आठवडाभर कोरडं हाड नुसत्या डोळ्यांना काही सांगत नाही. रक्त साकळतं, सूज येते, पेशी जमतात, पण हे सगळं मऊ भागात. साधारण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात हाड कुरतडणाऱ्या पेशी तुटलेल्या कडा खायला लागतात. कडेची धार बोथट होते, लगत टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात. त्याच सुमारास हाडाच्या बाहेरच्या आवरणाखाली नव्या, विणल्यासारख्या हाडाचा पातळ करडा थर येऊ लागतो. पुढच्या काही आठवड्यांत मऊ कॅलस, म्हणजे मोडल्या जागी जमलेला दुरुस्तीचा गोळा, खनिज धरून कडक होतो, दोन टोकांमध्ये पूल बांधला जातो. त्यानंतर महिने-वर्षं तो गोळा घासून घासून मूळ आकाराकडे आणला जातो. लहान मुलात हे झपाट्याने होतं. म्हातारपण, मधुमेह, कुपोषण, जंतुसंसर्ग, हाड स्थिर न ठेवणं यांनी लांबतं. म्हणून 'इजा मृत्यूच्या बावीस दिवस आधीची' असं कधी लिहू नका. 'किमान एक-दोन आठवडे आधीची' किंवा 'अनेक महिने आधीची' एवढंच हाड देतं.

कवटीचं वागणं वेगळं आहे. तिथे लांब हाडासारखा मोठा कॅलस येत नाही. कडा गोल होतात, रेषा पुसट होत जाते, कधी वर्षानुवर्षं खोबणीसारखी राहते.

यातून निघणारी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही: भरून येण्याची खूण नाही म्हणजे माणूस जागीच गेला असं नाही. डोक्याला मार लागून चार दिवस बेशुद्ध राहून गेलेल्या माणसाची कवटी भिंगाखालीही ताजीच दिसू शकते. कडेचा छोटा तुकडा पॅथॉलॉजीला पाठवला तर सूक्ष्मदर्शकाखाली काही अधिक मिळू शकतं, आणि ज्या केसमध्ये तेवढ्या दिवसांवर सगळं अवलंबून आहे तिथे ते जरूर करावं.

जुनी, जुळलेली फ्रॅक्चर कामाची नाहीत असं समजून पुढे जाऊ नका. पेठ-सुरगाण्याकडे हात मोडला की अजूनही हाडवैद्याकडे जाणारे लोक आहेत. वाकडं जुळलेलं हाड घरच्यांना चटकन ओळखू येतं. आणि प्लेट-स्क्रू असेल तर त्यावरचा कंपनीचा खुणेचा क्रमांक भिंगाने वाचा, फोटो काढा. बेवारस म्हणून आलेला माणूस कधीकधी त्या क्रमांकावरून घरी जातो.

मरणानंतर हाडाचं काय काय होतं

इथे आपला जिल्हा समोर ठेवूनच विचार करायला हवा. कुत्री लांब हाडांची मऊ टोकं आधी खातात आणि मधली नळी उरवतात. टोकाशी दातांचे खड्डे, ओरखडे, करवतल्यासारखी कड दिसते. उसाच्या पट्ट्यात बिबट्या आहे, माळावर कोल्हा आणि तरस. शंकूच्या आकाराचं भोक दिसलं की त्याच्या जोडीचं दुसरं भोक शोधा. दात एकटा क्वचितच लागतो. ओल्या हाडावर जनावर चावलं तरी फ्रॅक्चर तिरकं आणि गुळगुळीतच होणार, तेव्हा प्रत्येक तिरक्या कडेलगत दातांच्या खुणा शोधायच्या. उंदीर, घुशी आणि साळिंदर सपाट तळाच्या, एकमेकींशेजारी रांगेत बसलेल्या खाचा पाडतात. एकदा पाहिल्या की विसरता येत नाहीत.

गुरांच्या खुरांखाली खड्यांवर घासलेल्या हाडावर उथळ, बारीक, कशाही दिशेला गेलेले ओरखडे येतात. रोटाव्हेटरचं पातं मात्र फसवतं, कारण ते खरोखरच धारदार लोखंड आहे आणि खाच खरीच कापलेली असते. खाचेच्या तळाचा रंग बघा. तळ पांढरा आणि बाकी हाड मळकट असेल तर खाच अलीकडची. झाडाची मुळं हाडावर नदीच्या नकाशासारखी फाटे फुटत गेलेली नक्षी कोरतात. ऊन-पावसाने लांब हाडाला लांबीच्या दिशेने चिरा जातात, मग पापुद्रे सुटतात.

पाण्याबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण गोदावरी आणि धरणं आपल्याकडे आहेत. दगडगोट्यांत लोळलेल्या हाडाच्या तुटलेल्या कडा गोल होतात, आणि नवख्याला ते भरून येणं वाटतं. फरक असा करा: पाण्याने झिजलेल्या हाडावर फ्रॅक्चरची कडच काय, स्नायू चिकटण्याचे उंचवटेही झिजलेले असतात, सगळीकडे सारखी झळाळी असते, छिद्रं आणि नवं हाड नसतं. भरून येणं मात्र इजेपुरतं असतं. बाकी हाडाचे उंचवटे जिथल्या तिथे धारदार.

रामकुंडाच्या खाली नदीपात्रात भाजलेली हाडं मिळाली तर आधी अस्थिविसर्जनाचा विचार करा. देशभरातून लोक इथे अस्थी घेऊन येतात. काही समाजांत दहनाच्या वेळी कपालक्रियेत कवटी फोडतात, तोही मरणोत्तर मारच. उलट, जाळून पुरावा नष्ट करण्याचाही प्रकार होतो, त्यामुळे भाजलेलं दिसलं म्हणून बाजूला टाकायचं नाही. मांसासकट जळालेल्या लांब हाडावर नखाच्या आकाराच्या वळणदार आडव्या भेगा पडतात, त्या उष्णतेच्या. जळाल्यानंतर तुटलेल्या हाडाच्या कडेत थर दिसतात, बाहेर पांढरा आणि आत करडा-काळा. कडेचा रंग बाहेरच्या पृष्ठभागासारखाच एकसारखा भाजलेला असेल तर ती आग लागण्याआधी किंवा आगीत उघडी पडली होती.

संन्यासी, लहान बाळं, लिंगायत, मुस्लिम, ख्रिस्ती यांची दफनं आणि जुनी विसरलेली स्मशानं हेही लक्षात ठेवा. सिंहस्थाच्या कामांसाठी जिथे तिथे खोदकाम चालू असताना अशी हाडं वर येणारच.

इजा नसलेल्या 'इजा'

छातीच्या मधल्या हाडात काही माणसांत जन्मतःच एक गोल भोक असतं. कडा गुळगुळीत, घट्ट हाडाने मढवलेल्या. मी स्वतः एका नव्या डॉक्टरांच्या टिपणात तिथे 'गोळीची जखम' लिहिलेलं वाचलं आहे. त्यांना समोरासमोर बसवून दाखवलं: तडे नाहीत, कडेची खपली उडालेली नाही, आणि मागच्या-पुढच्या बाजूंत फरक नाही. कोपराच्या वरचं भोक, कपाळावरची न जुळलेली मधली सांध्याची रेषा, कवटीच्या सांध्यांतली छोटी जादा हाडं, न जुळलेली हायॉइडची शिंगं, रक्तवाहिनीची छिद्रं, सगळी याच जातीची. सुकलेली कवटी सांध्यांवर सुटते, तीही इजा नव्हे. तान्ह्या बाळांच्या हाडांवर वाढीमुळेच नव्या हाडाचा सच्छिद्र थर असतो. बरगड्यांची पुढच्या बाजूची फ्रॅक्चर दिसली तर छातीवर दाब देऊन वाचवायचा प्रयत्न झाला होता का, हे विचारा. आणि कवटी गोलाकार करवतीने कापलेली असेल तर ती आपल्याच कुणाच्या टेबलावरून किंवा शिकवणीच्या कपाटातून आलेली आहे.

कशाने, आणि कोणत्या क्रमाने

वेळ ठरल्यावरच हत्याराकडे वळा. बोथट मार पसरट असतो; हाड वाकतं, खचतं, तडे किरणांसारखे पसरतात. कोयता, कुऱ्हाड सपाट कापलेली बाजू सोडते, तिरक्या प्रकाशात त्यावर पात्याच्या बारीक रेघा दिसतात, आणि जड पात्याने शेजारचं हाड चिरफाळतंही. गोळीसाठी फळीत ठोकलेला खिळा आठवा: तो बाहेर पडतो त्या बाजूची खपली उडते. कवटीत शिरताना आतल्या बाजूची खपली जाते, बाहेर पडताना बाहेरची.

एकाहून जास्त घाव असतील तर तडे एकमेकांना कुठे भेटतात ते बघा. नंतरचा तडा आधीच्या तड्यापाशी थांबतो, कारण पुढे जायला सलग हाडच उरलेलं नसतं. जर्मन न्यायवैद्यक पुपे यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. कागदावर कवटीचं चित्र काढून प्रत्येक तड्याला क्रमांक द्या. घावांची संख्या सांगताना 'किमान' हा शब्द सोडू नका. एकाच जागी दोनदा बसलेला मार एकच दिसतो, आणि मांसात बसलेले कितीतरी मार हाडापर्यंत पोचतच नाहीत.

अभिप्राय लिहिताना

प्रत्येक इजेसाठी आधी वर्णन, मग वेळ, मग कारण, अशा तीन वेगळ्या ओळी. 'पेरीमॉर्टेम' लिहिलंत तर त्याखाली मराठीत अर्थ लिहा: हाड ओलं असताना झालेली इजा, हा काळ मृत्यूच्या आधीच्या काही दिवसांपासून मृत्यूनंतरच्या काही आठवडे-महिन्यांपर्यंत असू शकतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली तुम्ही तज्ज्ञ म्हणून उभे राहाल तेव्हा बचावाचे वकील विचारणारच, "डॉक्टर, हा मार मृत्यूनंतर बसलेला असू शकतो ना?" खरं उत्तर बहुतेक वेळा 'हो, असू शकतो' हेच आहे. ते आधीच अहवालात असेल तर तुमचा बाकीचा प्रत्येक शब्द टिकतो. मृत्यूचं कारण हाडांवरून देता येत नसेल तर तसं लिहा, आणि मृत्यूला पुरेशी ठरू शकेल अशी इजा असेल तर ती तशी वेगळी नोंदवा.

पत्राच्या शेवटी हरवलेल्या तुकड्यांची यादी द्या आणि ती जागा पुन्हा चाळावी अशी विनंती करा. त्या नडगीच्या वेळी मी ती केली होती. बांधाची उकरलेली माती शेताच्या कडेला ढिगात पडून होती, दोन दिवस चाळल्यावर त्रिकोणी तुकडा मिळाला. तोही तपकिरी, कड गुळगुळीत, दोन्ही उतारांत नेमका बसणारा, त्रिकोणाचा पाया पायाच्या बाहेरच्या बाजूला. हाड दाबापेक्षा ताणाला लवकर हार मानतं, त्यामुळे तडा मार बसला त्याच्या समोरच्या बाजूने सुरू होतो आणि माराच्या बाजूला येता येता दोन फाटे फुटतात. पाया बहुतेक वेळा माराच्या बाजूला राहतो. मी लिहिलं: डाव्या नडगीवर बाहेरच्या बाजूने, हाड ओलं असताना, जोराचा बोथट आघात, वाहनाच्या धडकेशी सुसंगत, हा आघात जिवंतपणीचा की मृत्यूनंतर लगेचचा, हे या हाडावरून सांगता येत नाही. शेतापासून डांबरी रस्ता किती लांब आहे, ते पंचनाम्यात आधीपासून होतं.